सरळ झालेलं तोंड

परब काका पेढ्यांचा बॉक्स घेऊनच आत आले. चपला बाहेर काढायचंही भान नव्हतं.

"मॅडम, काम झालं! हिचं तोंड सरळ झालं!"

मागून परब काकू आल्या. काकांनी त्यांना खांद्याला धरून माझ्यासमोर उभं केलं, दुकानदार नवी साडी उलगडून दाखवतो तसं. आणि खरंच, तोंड सरळ होतं. आदल्या आठवड्यापर्यंत डाव्या गालाकडे ओढले गेलेले ओठ आता नाकाच्या बरोबर खाली आले होते. काकांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

"काकू, हसा बघू," मी म्हटलं.

काकू हसल्या. म्हणजे त्यांनी हसायचं ठरवलं असावं. चेहऱ्यावर काहीच झालं नाही.

"डोळे मिटा."

उजवा डोळा आधीपासूनच मिटत नव्हता. आता डाव्याचीही फट उघडीच राहिली.

"कपाळाला आठ्या घाला. काकांनी भाजी किडकी आणली म्हणून घालता ना, तशा."

कपाळ गुळगुळीत. मी पेढा टेबलावर ठेवला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर माझं क्लिनिक आहे. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे गुडघे आणि कंबर. पण तोंड वाकडं झालेले पेशंटही आमच्याकडे बरेच येतात. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला एक वेगळी नस असते. ती कानाच्या मागून पुढे येते आणि गाल, ओठ, पापणी, कपाळ सगळं हलवते. ती सुजली की त्या बाजूचा चेहरा लुळा पडतो, आणि चांगली बाजू तोंड आपल्याकडे ओढून घेते. याला बेल्स पाल्सी म्हणतात. आपल्याकडे "तोंडावरून वारं गेलं" म्हणतात. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत बरं होतं. आम्ही आरशासमोर बसवून व्यायाम करून घेतो. गाल फुगवा, शीळ घाला, "पापड" म्हणा.

आता रस्सीखेच डोळ्यांसमोर आणा. एका बाजूने दोर सोडला की दोर दुसरीकडे जातो. पण दोर मधोमध दिसला, तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक तर दोन्हीकडचे सारख्या ताकदीने ओढताहेत, नाहीतर दोन्हीकडचे दोर टाकून घरी गेलेत. काकूंचं दुसरं झालं होतं. तोंड सरळ झालं नव्हतं, दुसरी बाजूही गेली होती.

हे त्या पेढेवाल्या माणसाला सांगायचं होतं.

"काका, पेढ्यांचं झाकण लावा."

"का हो? साखर नाही ना तुम्हाला?"

मी दोराचं उदाहरण देऊन समजावलं. ते ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे बरी नाही झाली?"

"नाही."

"उलट?"

"उलट."

त्यांनी झाकण लावलं, रबर लावला, आणि बॉक्स खुर्चीखाली सरकवला. मला इतकं वाईट वाटलं की मी फोन हातात घेऊन पाठ फिरवली.

घाटकोपरला डॉ. कांबळे म्हणून न्यूरोलॉजिस्ट आहेत, म्हणजे मेंदू आणि नसांचे डॉक्टर. काकूंना त्यांनीच तपासून माझ्याकडे पाठवलं होतं. मी त्यांना फोन लावला.

"सर, तुमच्या परब काकू. आता दुसरी बाजूही गेली."

"वीक वाटतेय की खरंच गेलीय?"

"आठी नाही, डोळा मिटत नाही, गालात हवा राहत नाही."

"हातपाय?"

"ठीक. चालत आल्यात."

"श्वास?"

"नीट आहे."

"मेधा, आत्ताच्या आत्ता पाठव. बॅग भरायला घरी जाऊ देऊ नकोस."

दोन्ही बाजू पाठोपाठ जाणं दुर्मीळ असतं. त्यामागची काही कारणं छातीच्या स्नायूंपर्यंत पोचतात आणि श्वास अडकतो. म्हणून ही घाई. दुपारी माझं क्लिनिक बंद असतंच. मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसले.

रिक्षात काकांनी पुन्हा विमानाचं काढलं. काकू मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेल्या होत्या, काकाही सोबत. मे-जून तिथेच काढला. परत आल्यावर काही आठवड्यांनी एका सकाळी काकूंच्या तोंडातून चहा ओघळायला लागला. काकांनी निकाल त्या दिवशीच देऊन टाकला होता. "विमानात वरून एसीचं वारं थेट हिच्या गालावर. मी सांगत होतो, ते भोक बंद कर. ऐकेल तर शपथ." सोसायटीतल्या सगळ्यांना हे पटलं होतं. आता मात्र त्यांनी मला विचारलं, "मॅडम, वारं दोन्ही गालांना कसं लागेल हो?"

काकूंची काळजी वेगळीच होती. तोंड वाकडं झाल्यापासून त्यांनी मुलीला, पल्लवीला, चेहरा दाखवला नव्हता. व्हिडिओ कॉल आला की सांगायचं, कॅमेरा बिघडलाय. बोलणं अडखळतं त्याचं कारण काय, तर नवी कवळी. पल्लवीने तिकडून नवा फोन मागवून घरी पाठवला. तो कपाटात, सील न फोडता. "चार्जच होत नाही गं," म्हणून सांगितलेलं. मी एकदा रागावले होते, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "तिला काय वाटेल? माझ्या बाळंतपणाला आली नि तोंड वाकडं करून गेली? आणि पोर माझं हे ध्यान बघून घाबरली तर? चार महिन्यांची आहे. पुन्हा जवळ यायची नाही." रोज संध्याकाळी फोनवर नातीचा आवाज तेवढा ऐकायचा, एवढ्यावर त्या भागवत होत्या.

हॉस्पिटलमध्ये डॉ. कांबळेंनी आधी श्वास बघितला, मग हातोडीने गुडघे, कोपर, घोटे. ते सगळं ठीक निघालं. निम्मं टेन्शन तिथेच उतरलं. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि हिस्टरी घ्यायला बसले. हिस्टरी म्हणजे आजाराची हकिकत, पेशंटच्या तोंडून. काकूंचे ओठ मिटत नव्हते, त्यामुळे प, ब, म ही अक्षरं नुसती हवा होऊन बाहेर पडत होती. मी इथे त्यांचं बोलणं स्वच्छ लिहिते आहे, प्रत्यक्षात निम्मं काका समजावून सांगत होते.

"अमेरिकेत घर कसं होतं? बिल्डिंग की बंगला?"

"बंगला. मागे अंगण, त्याच्यामागे झाडी," काका म्हणाले. "संध्याकाळी हरणं यायची, सर. घरात बसून हरणं बघायची. झकास!"

डॉक्टरांनी मान वर केली. "अंगणात बसायचात?"

"रोज," काकू म्हणाल्या. "पोरीला तेल लावून कोवळं ऊन दाखवायचे. आणि झाडीच्या कडेला अळू लावलं होतं."

"अळू? न्यू जर्सीत?"

"इंडियन स्टोअरमधले कांदे रोवले. फुटले की."

"तिथे अंगाला काही चावलं? किडा, गोचीड?"

एवढा वेळ शांतपणे उत्तरं देणाऱ्या काकू ताठ बसल्या. "गोचीड? माझ्या लेकीच्या घरात? डॉक्टर, घर आरशासारखं ठेवते ती! आणि गोचीड गुरांना लागते. मी कुडाळची, गोठ्यात वाढले. म्हशीच्या कानातल्या गोचिडी या हाताने काढल्यात. वाटाण्याएवढ्या असतात. मला लागली तर मला कळणार नाही?"

"तुम्ही काढल्यात त्या रक्त पिऊन टम्म झालेल्या," डॉक्टर म्हणाले. "तिकडच्या हरणांवरची पोरसवदा असते. काळी, चपटी. खसखशीएवढी, फार तर तिळाएवढी. चावलेलं दुखतसुद्धा नाही."

"नाही म्हणजे नाही," काकूंनी विषय मिटवला.

डॉक्टर पुढच्या प्रश्नाकडे वळणार, एवढ्यात काकांनी विचारलं, "तिळाएवढी?"

"हो. का?"

काका चुळबुळले. माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "म्हणजे कसं, सर, तिथं हिचा खांदा धरला होता. बाळाला उचलून उचलून. हात मागे जाईना. म्हणून वेणी मीच घालायचो."

"अवो, हे कशाला सांगताय सगळ्यांसमोर!" काकू म्हणाल्या.

"गप गो जरा. तर एक दिवस मानेवर, केसांच्या खाली, तीळ दिसला. बारीक काळा. मी हिला म्हटलं, नवा तीळ आलाय, भाग्य उघडलं तुझं. मग दोन-तीन दिवसांनी विंचरताना बघितलं, तर तीळ गेलेला."

"तीळ जात नाहीत, काका."

"तेच ना. मला वाटलं चष्मा जुना झाला."

डॉक्टरांनी सावधपणे विचारलं, "आधीपासूनच असेल आणि तुमचं लक्ष तेव्हा गेलं असेल, असं नाही ना?"

काका शहरात आल्यापासून परक्यांशी शहरासारखं बोलतात. आधी गिरणीत, ती बंद पडल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात, सगळी नोकरी मुंबईतच गेली. पण हे उत्तर त्यांनी गावच्या बोलीत दिलं.

"हिच्या मानेर तीळ नाय होतो. माका ठावक आसा."

काकूंनी खांद्यावरचा पदर उगाचच नीट केला आणि खिडकीकडे बघत बसल्या. माझ्या लग्नालाही बरीच वर्षं झाली आहेत. घरी जाऊन नवऱ्याची परीक्षा घ्यायची नाही, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

"त्या जागी नंतर काही उठलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"गजकर्ण," काका म्हणाले. "तिथंच. आधी लाल, मग गोल पसरत गेलं, मध्ये फिकट. आम्ही इथून नेलेलं मलम लावलं. गेलं."

डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं. "ते मलमाने नाही गेलं, काका. ते जाणारच होतं. तुम्ही माझं काम अर्ध्यावर आणलंत."

मग त्यांनी समजावलं ते थोडक्यात सांगते. तिकडच्या उंदरांच्या रक्तात एक जिवाणू असतो, बोरेलिया नावाचा. गोचीड आधी उंदराला चावते, मग हरणाला, कुत्र्याला किंवा माणसाला. ती दिवस-दीड दिवस चिकटून राहिली तर जिवाणू माणसात उतरतो. आधी कातडीवर पसरणारा चट्टा येतो, तो आपोआप जातो, आणि जिवाणू आतल्या आत फिरत राहतो. काहींच्या सांध्यांत जातो, काहींच्या हृदयात, काहींच्या चेहऱ्याच्या नसेत. आजाराचं नाव लाइम. लिंबाशी संबंध नाही, ते तिकडच्या एका गावाचं नाव आहे. आपल्याकडे हा आजार सहसा दिसत नाही. गजकर्ण मात्र दर दुसऱ्या घरात असतं. मग गोल चट्टा दिसला की हात मलमाकडेच जातो.

काका लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पण सर, आम्ही बोरिवलीला वर्षभरात गेलेलोच नाही."

"बोरिवली नाही, काका. बोरेलिया."

"हां. मला वाटलं नॅशनल पार्कमुळे."

डॉक्टर हसले, मी हसले. काकूंच्या खांद्यांना हिसके बसले, त्यावरून कळलं की त्याही हसताहेत.

रक्त तपासायला गेलं, पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायला गेलं. रिपोर्टना वेळ लागणार होता, पण डॉक्टरांनी थांबायचं नाही असं ठरवलं. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. औषध नेहमीचंच, फार्मसीत सहज मिळणारं.

काका बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकड्यावर बसले होते. मी शेजारी बसले. "रोज बघत होतो मी त्या गोचिडीला," ते म्हणाले. "नखाने उपटून फेकली असती तर? वर म्हणतोय, भाग्य उघडलं!"

"काका, तुम्ही बघितली म्हणून तर औषध मिळालं."

"ते तुम्ही बरं वाटावं म्हणून बोलताय."

"थोडं तसंही आहे," मी म्हटलं. "पण खरंही आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी क्लिनिक उघडायच्या आधी वॉर्डात गेले, तेव्हा डॉ. कांबळे काकूंना सांगत होते, मुलीला कळवा. काकू मान हलवत होत्या.

"बरी झाले की सांगेन. उगाच कशाला तिच्या जिवाला घोर?"

"काकू, बाळ त्याच गवतावर होतं ना तुमच्याबरोबर?" डॉक्टरांनी विचारलं.

चेहऱ्याचे स्नायू गेलेल्या माणसाला भीती वाटली तर ती चेहऱ्यावर येत नाही. भुवया उठत नाहीत, ओठ थरथरत नाहीत. काकूंचा चेहरा जसा होता तसाच राहिला, पण दोन्ही हातांनी चादर मुठीत धरली आणि सुई लावलेल्या हाताच्या नळीत रक्त उलटं चढलं. मी तो हात धरून सोडवला.

"फोन लावा," त्या काकांना म्हणाल्या. "तोंड दिसू दे. लावा."

तिकडे सकाळ होती. पल्लवी स्क्रीनवर आली, केस विस्कटलेले, खांद्यावर बाळाचा लंगोट. आईला बघून आधी खुलली, मग थबकली.

"आई? काय झालं? रागावलीस का माझ्यावर?"

पल्लवीला समोर दगडासारखा चेहरा दिसत होता. काकू "नाही गं" म्हणत होत्या, पण ते ऐकूही नीट येत नव्हतं. मी फोन घेतला, ओळख करून दिली आणि सगळं सांगितलं. चेहरा, चट्टा, गोचीड, अंगण. पल्लवी ऐकता ऐकता रडायला लागली.

"माझ्यामुळे झालं. मीच म्हणायचे, बाहेर बस, ऊन घे. माझ्यामुळे झालं सगळं."

काकूंनी फोन माझ्या हातातून ओढला. "रडू नको. आधी पोरीच्या कानामागे बघ. मग मान. मग काखा. मग जांघा. कपडे काढून बघ. मग रड."

हे मात्र सगळ्यांना बरोबर समजलं. पल्लवीने फोन पाळण्याच्या कडेला टेकवून ठेवला आणि बाळाला उघडं केलं. इकडे आम्ही तिघं एका छोट्या स्क्रीनवर डोकी एकत्र करून नातीचं इंच न् इंच बघत होतो. कानामागे काही नव्हतं. मानेच्या वळ्या तिने एकेक उलगडून दाखवल्या. कुठे काही नव्हतं. तिथल्या डॉक्टरांना आजच दाखवते म्हणाली.

बाळ मात्र स्क्रीनकडे टक लावून बघत होतं. हसत नव्हतं, रडत नव्हतं. एवढ्या लहान मुलाला समोरच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायला लागतं. काकूंना ते कळलं. त्यांनी नजर खाली घातली.

आता इथे मी काहीतरी व्यायाम सुचवायला हवा होता. तेच माझं काम. मला काही सुचलं नाही. काकूंनीच पदर उचलून तोंडावर घेतला, थांबल्या आणि झटकन खाली ओढला. बाळाने डोळे मोठे केले. पुन्हा पदर वर, पुन्हा खाली. "बुवा"ही नाही आणि "कुक"ही नाही, ओठांना जमणार नव्हतंच. तिसऱ्यांदा पदर खाली आला आणि बाळ खिदळलं, पाय झाडत. काकूंच्या न मिटणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून घालतात त्या थेंबांचं ते नव्हतं, हे मला सांगता येतं.

बाळाला काही झालेलं नव्हतं, तिकडच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. काही दिवसांनी काकूंचे रिपोर्ट आले. लाइमच निघाला.

औषध संपल्यावर काकू पुन्हा माझ्याकडे व्यायामाला यायला लागल्या. बराच काळ काही हललं नाही. आरशासमोर बसायचं, "पापड" म्हणायचं, हवा जायची. कधी कधी त्या चिडायच्या, "मॅडम, तुम्हाला कंटाळा येत नाही?" मला यायचा, पण मी तसं सांगितलं नाही. मग एका सकाळी काकांचा घाबरून फोन आला.

"मॅडम, वाट लागली. हिचं तोंड पुन्हा वाकडं झालं! डावीकडे ओढलंय!"

मी खुर्चीतून उठलेच. "काका, घेऊन या त्यांना. वाकडं झालंय ना, छान झालंय!"

बाईंचं डोकं फिरलं असं त्यांना नक्की वाटलं असणार. पण दोन्ही नसा एकदम बऱ्या होत नाहीत. डावी बाजू नंतर गेली होती, ती आधी परतली आणि तिने तोंड आपल्याकडे ओढायला सुरुवात केली होती. क्लिनिकमध्ये काकू हसल्या, अर्ध्या तोंडाने, एकदम तिरक्या. इतकं सुंदर वाकडं तोंड मी कधी बघितलेलं नाही. उजवी बाजू यायला पुढे बरेच महिने लागले. आजही त्या थकल्या की तो डोळा किंचित बारीक होतो. पल्लवीशी रोज व्हिडिओ कॉल होतो.

मध्यंतरी पल्लवीने सांगून टाकलं होतं, "आई, तू आता इकडे यायचं नाहीस. आम्हीच येऊ." काकूंनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी मला विचारलं, साडीच्या आत पायमोजे गुडघ्यापर्यंत ओढले तर चालेल का?

"चालेल. पण पल्लवी नको म्हणतेय ना?"

"ती म्हणू दे," काकू म्हणाल्या. "गोचिडीला भिऊन मी नात सोडू?"

तिकीट काढून झालंय. काकांनी नवा चष्मा केलाय. रोज रात्री झोपायच्या आधी मान तपासायची, असं डॉ. कांबळेंनी सांगितलं आहे. ते त्यांनी फारच मनावर घेतलं आहे, आतापासूनच तपासतात म्हणे.

या सगळ्यातून मी धंद्यापुरत्या दोन गोष्टी शिकले. तोंड सरळ दिसलं तरी ते हलवून बघितल्याशिवाय कोणाकडून पेढा घ्यायचा नाही. आणि हिस्टरी घेताना नवऱ्याला बाहेर बसवायचं नाही. आता मी बाईच्या शेजारी नवऱ्यालाही खुर्ची देते, आणि अधूनमधून विचारून बघते की हिच्या मानेवर तीळ आहे का. बहुतेकांना माहीत नसतं.